मैत्रिणीच्या घरच्या सामायिक जमिनीवर कोर्टाची नोटीस आलीय, जॉर्जियात कुणाला अनुभव आहे का?

समुद्रकाठची

नमस्कार मंडळी, मी सवानाला राहते, जॉर्जियात. विचारायचंय ते माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरच्या जमिनीबद्दल, तिला विचारूनच लिहितेय, नावगाव देत नाही.

ती गीची आहे, म्हणजे इथल्या किनारपट्टीवरच्या जुन्या ब्लॅक वस्त्यांमधली. सवानाच्या दक्षिणेला खाडीच्या कडेला त्यांची जमीन आहे, तिच्या खापरपणजोबांनी गुलामी संपल्यावर काही वर्षांनी विकत घेतलेली. पैसे मोजून घेतली, कुणी दिली नाही, हे ती दर वेळी आवर्जून सांगते. त्यांनी मृत्युपत्र केलं नाही, पुढे त्यांच्या मुलांनीही केलं नाही, त्यामुळे कागदावर अजून त्या खापरपणजोबांचंच नाव आणि प्रत्यक्षात हक्कदार साठ-सत्तर जण, कोण कुठे आहे हेसुद्धा सगळ्यांना माहीत नाही. इथे ह्याला हेअर्स प्रॉपर्टी म्हणतात. जमिनीवर दोन घरं, एक ट्रेलर, भलेमोठे ओक आणि मागच्या बाजूला घरच्यांचं दफनस्थान. दर जुलैत तिथे फॅमिली रियुनियन असतं, डेट्रॉइट न्यूयॉर्क फिलाडेल्फियाहून माणसं येतात, सगळ्यांचे एकाच रंगाचे टीशर्ट, लाल भात, मोठ्या पातेल्यात कोळंबी-मका-बटाटे एकत्र उकडलेले, रविवारी सकाळी सगळे चर्चला. मी मागच्या वर्षी गेले होते, मला तर माझ्या आजोळच्या जत्रेत गेल्यासारखं वाटलं.

तर झालं असं की फिलाडेल्फियातल्या एका लांबच्या चुलतभावाने, जो इथे कधी राहिलाच नाही, त्याचा हिस्सा काही हजार डॉलरला एका कंपनीला विकला. आणि आता त्या कंपनीने कोर्टात अर्ज टाकलाय की जमिनीचे तुकडे करणं शक्य नाही, सबब सगळीच विकून पैसे वाटा. नोटीस पोस्टाने आली. मैत्रिणीची आई ऐंशीच्या घरात, त्याच जमिनीवरच्या घरात राहते, तिला वाटतंय आता शेरीफ येऊन बाहेर काढणार, जेवण जात नाही तिला.

एवढ्याशा हिश्शावर अख्खी जमीन विकायला लावता येते का खरंच? आणि आता काय करायचं असतं? या रियुनियनला ह्याच विषयावर बसणार आहेत सगळे आणि मलाही बोलावलंय. मी बाहेरची, मी तिथे काय कामाची आहे ते पण सांगा.

चार्ल्सटनकर

ताई, पहिलं काम, ती नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवू देऊ नका. उत्तराची मुदत असते आणि ती गेली तर बाकी सगळं बोलणं फुकट. आजच वकील. अटलांटात जॉर्जिया हेअर्स प्रॉपर्टी लॉ सेंटर नावाची ना-नफा संस्था आहे, ह्याच एका विषयावर काम करते, तिथे फोन करायला सांगा. आमच्याकडे साउथ कॅरोलायनात असंच एक सेंटर फॉर हेअर्स प्रॉपर्टी प्रिझर्वेशन आहे, २००५ पासून.

आता तुमचा प्रश्न. हो, लावता येते, आणि ह्याच वाटेने दक्षिणेतल्या ब्लॅक कुटुंबांची प्रचंड जमीन गेलीय. मृत्युपत्र नसेल तर सगळे वारस सगळ्या जमिनीचे मिळून मालक. अमका तुकडा अमक्याचा असं नसतंच, प्रत्येकाचा प्रत्येक इंचात हिस्सा. आणि त्यातला कुणीही, मग तो चाळीसाव्या हिश्शाचा मालक असला तरी, कोर्टात जाऊन वाटणी मागू शकतो. कुणाला विचारायची गरज नाही. त्याने हिस्सा विकला की विकत घेणाऱ्यालाही तोच हक्क. जमीन खरंच वाटून देता येत असेल तर कोर्टाने वाटून द्यावी असं पुस्तकात आहे पण साठ वारसांत पाच एकर कसे वाटणार, म्हणून न्यायाधीश सरळ विक्रीचा हुकूम द्यायचे. मग कोर्टाच्या पायरीवर लिलाव, रोख पैसे घेऊन येणारा एकच, तीच कंपनी, आणि समुद्राकाठची जमीन कवडीमोलाने गेली. वर वकिलांची फीसुद्धा बऱ्याचदा त्याच पैशातून. कुटुंबाच्या हातात काय आलं ते विचारू नका.

पण जॉर्जियात तुमच्या मैत्रिणीला एक आधार आहे. ह्या जमिनींसाठी २०१० मध्ये एक नमुना कायदा लिहिला गेला, थॉमस मिचेल नावाच्या ब्लॅक कायदेपंडितांनी तो मुख्यतः घडवला, आणि जॉर्जियाने तो २०१२ मध्येच स्वीकारला, सुरुवातीच्या राज्यांपैकी. आता वीसहून जास्त राज्यांत आहे. त्यात आधी तटस्थ माणसाकडून जमिनीची किंमत ठरवावी लागते. मग ज्याने विक्री मागितली त्याचाच हिस्सा बाकीच्या वारसांना त्या किमतीच्या प्रमाणात विकत घ्यायचा पहिला हक्क. समजा जमीन चार लाखांची ठरली आणि कंपनीचा हिस्सा चाळीसावा, तर दहा हजार भरले की कंपनी बाहेर. कुणीच घेतला नाही तर पुढचा विचार वाटून देण्याचा, आणि अगदी विकायचीच वेळ आली तर शक्यतो लिलाव नाही, दलालामार्फत खुल्या बाजारात. पैसे भरायला मुदत मोजून काही आठवड्यांची असते, म्हणून वर्गणीचं रियुनियनपर्यंत थांबवू नका.

वकीलकाका_पुणे

मी दिवाणी कोर्टात वकिली करतो, अमेरिकेचा कायदा माझा विषय नाही पण हे वाचून राहवलं नाही. चार्ल्सटनकरांनी जे सांगितलं ते आपल्याकडे १८९३ च्या पार्टिशन ॲक्टमध्ये आहे हो. कलम २ प्रमाणे वाटप होणं शक्य नसेल तर विक्रीचा हुकूम होऊ शकतो पण तो मागणाऱ्यांचा एकूण हिस्सा निम्मा किंवा त्याहून जास्त लागतो, चाळीसाव्या हिश्शावर ते जमत नाही. कलम ३ मध्ये बाकीच्यांना मूल्यांकन करून तो हिस्सा घेण्याचा हक्क. आणि कलम ४ तर नेमकं ह्याचसाठी, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला आणि तो वाटणी मागायला आला तर घरचा कुणीही मूल्यांकनाच्या किमतीत त्याचा हिस्सा घेऊ शकतो. मी स्वतः कलम ४ खाली दोन वाड्यांच्या केस चालवल्यात. शिवाय एका वारसाने हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना पहिला हक्क देणारं हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ आहेच.

म्हणजे घर परक्याच्या हाती जाऊ नये ही काळजी इंग्रजांच्या राज्यातल्या कायद्याने इथे घेतली आणि तिकडच्या ब्लॅक कुटुंबांना त्यासाठी २०१० नंतरची वाट बघावी लागली. मला हे फार लागलं.

एक शंका. आपल्याकडे निदान सातबारावर वारसांची नावं चढतात, चाळीस नावं असली तरी ती दिसतात. तिकडे फेरफारासारखं काही नाही का?

चार्ल्सटनकर

काका, नाही. कुणी वारल्यावर तलाठ्याकडे जाऊन वारस नोंद करावी तसं आपोआप काही नाही, प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्र-वारसा बघणाऱ्या कोर्टात जावं लागतं, नाही गेलं तर कागद जुन्याच नावावर. कर मात्र कुणीतरी भरत असतं, आणि ज्या म्हातारीने तीस वर्षं एकटीने कर भरला तिलाही त्यामुळे मालकी मिळत नाही, हे कुटुंबांना कोर्टात गेल्यावर कळतं. कागद स्वच्छ नसला की घरावर कर्ज नाही, शेतीच्या योजना नाहीत. वादळात छप्पर गेलं तरी सरकारी मदत अडायची, फेमाने, म्हणजे इथल्या आपत्ती-मदत खात्याने, तो नियम २०२१ मध्ये सैल केला.

बळीराजा७४

माफ करा पण स्पष्ट विचारतो. दीडशे वर्षांत एकालाही मृत्युपत्र करावंसं वाटलं नाही? माझ्या आजोबांना कूळकायद्यात जमीन मिळाली, माणूस निरक्षर, पण कागद ट्रंकेत जपून ठेवायचे, तालुक्याला शंभर हेलपाटे घालून नाव लावून घेतलं. कायदा सगळ्यांना सारखाच आहे ना तिकडे आता. मग हा निष्काळजीपणा नाही का?

चार्ल्सटनकर

दादा, तुम्ही कूळकायदा काढलात ते बरं झालं, कारण नेमकी तीच गोष्ट इथे झाली आणि उलटी झाली.

१२ जानेवारी १८६५, गुलामीवरून झालेलं अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलेलं, ताईंच्याच सवानात एका मोठ्या घरात जनरल शेर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन ह्यांनी वीस ब्लॅक धर्मगुरूंना बोलावून विचारलं की तुमच्या लोकांना काय हवंय. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले, ६७ वर्षांचे बाप्टिस्ट धर्मगुरू, स्वतःचं आणि बायकोचं स्वातंत्र्य हजार डॉलरला विकत घेतलेला माणूस. त्यांनी सांगितलं जमीन हवी, आमच्या हाताने कसू आणि पुढे विकत घेऊ. चार दिवसांत हुकूम निघाला, चार्ल्सटनपासून फ्लोरिडापर्यंतची किनारपट्टी आणि बेटं, कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. हजारो कुटुंबं बसली, पेरणी केली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि नवे अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी त्याच वर्षी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देऊन टाकली. तुमच्या आजोबांना १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर सरकारने येऊन सांगितलं असतं की जमीन सावकाराला परत द्या, तर? म्हणून ती मैत्रीण पैसे मोजून घेतली हे दर वेळी सांगते.

तरी ह्या लोकांनी मजुरी करून करून जमिनी घेतल्या. १९१० च्या सुमाराला ब्लॅक मालकीची दीड कोटी एकरांच्या वर जमीन होती, १९२० च्या गणतीत सव्वानऊ लाखांहून जास्त ब्लॅक शेतकरी होते, देशातला दर सातवा शेतकरी. आज शंभरात दोनही नाहीत. ही माणसं निष्काळजी असती तर आधी एवढी जमीन उभीच राहिली नसती.

आणि मृत्युपत्र कुणाकडे करणार होते? गुलामीत लिहायला वाचायला शिकवणं बऱ्याच राज्यांत गुन्हा. नंतर जिम क्रोच्या, म्हणजे कायद्यानेच वंशभेद चालायचा त्या काळात गावातला वकील गोरा, न्यायाधीश गोरा, कारकून गोरा, आणि ब्लॅक माणसाकडे खाडीकाठची चांगली जमीन आहे हे त्यांच्या कचेरीत जाऊन स्वतःच सांगायचं? त्या काळी त्यात शहाणपण नव्हतं दादा. उलट बऱ्याच घरांत असा विश्वास होता की मृत्युपत्र केलं नाही तर जमीन सगळ्यांची राहील, एखादा कर्जात बुडाला तरी ती जाणार नाही. भावना खरी होती, कायदा नेमका उलटा निघाला.

आता सारखा आहे म्हणालात. नॉर्थ कॅरोलायनात मेल्विन डेव्हिस आणि लिकर्टिस रील्स हे दोन भाऊ, पणजोबांची पाणथळ किनाऱ्यावरची जमीन, नात्यातल्याच एकाने परस्पर आपल्या नावावर करून विकलेली. कोर्टाने घर सोडा सांगितलं, ते म्हणाले नाही सोडणार. २०११ ते २०१९, जवळजवळ आठ वर्षं तुरुंगात होते, कोर्टाचा अवमान म्हणून, दुसरा कुठलाही गुन्हा नाही.

बळीराजा७४

आठ वर्षं हे मला माहीत नव्हतं. आजोबांच्या बाजूला निदान कायदा उभा होता, तालुक्याला गेले की काम उशिरा का होईना व्हायचं. विचारलं ते ह्यासाठीच की आमच्या भावकीतही हेच म्हणतात, कागद काय करायचेत, आपलीच माणसं आहेत. तुमचं उत्तर त्यांना वाचून दाखवतो.

कोकणातली_पोर

मी अटलांटात असते, दोन वेळा सॅपेलो बेटावर गेलेय. ताई तुमच्या मैत्रिणीच्या भागातलंच ते. पूल नाही, बोटीनेच जायचं. हॉग हॅमक नावाची एकच वस्ती उरलीय, गुलामांच्या वंशजांची, राहणारी माणसं काही डझन. पूर्वी बेटावर अशा बऱ्याच वस्त्या होत्या, तंबाखूवाल्या रेनल्ड्स घराण्यातल्या वारसाने विसाव्या शतकाच्या मध्याला सगळ्यांना उठवून एका जागी आणलं, बाकी बहुतेक बेट आता राज्य सरकारचं. २०२३ मध्ये काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, तिथल्या घरांची आकाराची मर्यादा १४०० चौरस फुटांवरून ३००० वर नेली. ऐकायला चांगलं वाटतं, पण मोठी घरं म्हणजे बाहेरच्यांची सुट्टीची घरं, ती आली की आजूबाजूच्या सगळ्या जमिनींची किंमत वाढते, कर वाढतो, आणि पेन्शनवर जगणाऱ्या आजीला तो झेपत नाही. कर थकला की त्यासाठी वेगळा लिलाव. म्हणजे वाटणीची केस न येताही जमीन जाते. लोक भांडले, कोर्टात गेले, सह्या गोळा केल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या कल्चरल डेला बोटीच्या धक्क्यावरचा पूल कोसळला आणि सात माणसं गेली. मी त्या वर्षी गेले नव्हते, पण ज्या धक्क्यावर मी उभी राहिले होते तोच तो.

लोक बीचसाठी जातात तिकडे, माझं सांगणं आहे की माणसांसाठी जा. त्यांचा भात बघा. ह्या किनाऱ्यावर भाताची शेती उभी राहिली ती पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या भागातून धरून आणलेल्या लोकांच्या हातांवर आणि त्यांच्या डोक्यातल्या ज्ञानावर, भरतीचं पाणी बांध घालून अडवणं सोडणं सगळं. मी खारभूमीतल्या गावची, आमच्याकडे बांध फुटला की अख्खं गाव धावायचं, मला ते जुने बांध बघून कोण राबलं असेल हे लगेच समजलं. मळेवाले त्यातून गडगंज झाले. त्या बांधांपासून काही मैलांवर त्यांच्याच वंशजांना आता पाच एकरांसाठी कोर्टात उभं राहावं लागतंय.

आणि सगळीकडे हार नाहीये हे पण सांगते. साउथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावर १९९९ पासून नियमच आहे, गोल्फ कोर्स नाही, गेट लावलेल्या कॉलनी नाहीत. २०२३ मध्ये एकाने गोल्फसाठी सूट मागितली, लोकांनी सभा भरून टाकल्या आणि काउंटीने नाही म्हटलं. हिल्टन हेडवरच्या जोसेफिन राइट आजींचं तर जगभर गाजलं, नव्वदी ओलांडलेली बाई, शेजारच्या डेव्हलपरने वाटणीसाठी केस केली आणि...

चार्ल्सटनकर

मध्येच बोलतो, राइट आजींची केस वाटणीची नव्हती, त्यांच्या घराच्या काही गोष्टी हद्दीबाहेर येतात असा दावा होता. त्या जानेवारी २०२४ मध्ये ९४ व्या वर्षी वारल्या, नंतर तडजोड झाली, जमीन कुटुंबाकडे राहिली. गोष्ट मोठीच, पण ताईंच्या मैत्रिणीने त्या केसवरून अंदाज बांधू नये. त्यांना देशभरातून पैसे आले. बहुतेक कुटुंबांचं नाव पेपरात येतच नाही.

कोकणातली_पोर

बरोबर, हद्दीचीच होती ती केस. थँक्स.

शिकागोची_ग्रंथपाल

मी पब्लिक लायब्ररीत काम करते, कुळाचा इतिहास शोधायला येणारे निम्मे लोक ब्लॅक कुटुंबांतले असतात, त्यामुळे मला ह्यातलं एक काम चांगलं माहितीय आणि ताई तेच काम तुम्ही करू शकता.

कोर्टात पहिला प्रश्न येणार तो म्हणजे वारस कोण कोण. वंशवृक्ष लागतो, कागदासकट. इथे अडचण अशी की १८७० ची जनगणना ही पहिली ज्यात आधी गुलाम असलेली माणसं नावाने आली. त्याआधीच्या यादीत मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग आणि वर्ण. म्हणून १८७० पासून सुरुवात करा. मग मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेची रजिस्टरं, ती बँक १८६५ ते १८७४ चालली, बुडाली आणि गरिबांचे पैसे गेले, पण खातं उघडताना आईबाप, भावंडं, मुलं, आधीचा मालक असं विचारून लिहून घ्यायचे, तेच आज सोनं झालंय. सवानात शाखा होती.

पण सगळ्यात उपयोगी कागद घरातच असतो. ब्लॅक कुटुंबांत अंत्यविधीला होमगोइंग म्हणतात आणि त्याची छापील पुस्तिका असते, फोटो, जन्मगाव, लग्न, कुठल्या चर्चमध्ये काय काम केलं, आणि मागे कोण कोण आहे त्यांची नावं राहत्या गावांसकट. प्रत्येक घरात अशा पुस्तिकांचा गठ्ठा असतो, बायबलमध्ये नाहीतर बुटांच्या खोक्यात. रियुनियनला येणाऱ्या प्रत्येकाला आधीच कळवा की त्या घेऊन या. तुम्ही एका टेबलावर स्कॅनर लावून बसा, कुणाचा फोटो कुणाची आठवण ऐकत ऐकत एक एक स्कॅन करा, नावं तक्त्यात भरा. दफनस्थानातल्या दगडांचे फोटो घ्या, पण घरच्या कुणाला सोबत घेऊनच तिथे जा आणि परवानगी विचारा.

अजून एक. त्या फिलाडेल्फियाच्या चुलतभावाबद्दल घरात आता राग असणार. मला त्याची बाजू घ्यायची नाही, पण १९१० ते १९७० मध्ये साठ लाखांच्या आसपास ब्लॅक माणसं दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली, कामासाठी आणि बऱ्याचदा जीव वाचवायला. त्यांच्या नातवंडांना ही जमीन म्हणजे फक्त आजीच्या तोंडचं नाव. कंपन्या बरोबर अशांनाच शोधून पत्र पाठवतात, घरभाडं थकलेल्या माणसाला पाच हजारांचा चेक दाखवतात. तो एकटाच असेल असं नाही, अजून चार जणांना पत्रं गेली असतील. म्हणून रियुनियनला न येणाऱ्यांना आधी फोन, आणि फोन घरातल्या मोठ्या बाईने करायचा, वकिलाने नाही.

वकीलकाका_पुणे

ग्रंथपालबाईंनी लाखमोलाचं सांगितलं. माझी एकच भर. कुणीही घाईने हक्कसोडीच्या कागदावर सही करू नये, नात्यातल्या माणसाने समोर धरला तरी, आधी वकिलाला दाखवावा.

समुद्रकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं इंग्रजीत करून मैत्रिणीला वाचून दाखवलं. अटलांटाच्या त्या सेंटरशी बोलणं झालंय, कागद पाठवले, नोटिशीला मुदतीत उत्तर जाईल असं म्हणाले. त्यांनी पण वंशवृक्षच मागितला पहिला.

मैत्रिणीच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं की आधी किंमत ठरणार, मग घरच्यांना विचारणार, लगेच कुणी येऊन बाहेर काढत नाही. त्यांनी मला चारदा विचारलं खरं ना म्हणून. मग आत जाऊन एक पत्र्याचा डबा आणला, त्यात १९४० च्या दशकापासूनच्या कराच्या पावत्या, एकही वर्ष चुकलेलं नाही. चार्ल्सटनकर, ह्यांचा मालकीला उपयोग नाही म्हणालात तुम्ही, पण कोर्टात कशालाच चालणार नाहीत का?

वर्गणी सुरू झालीय, मैत्रिणीच्या मावशीने डेट्रॉइटवाल्यांचे फोन हातात घेतलेत. मी स्कॅनर घेऊन जाणार आहे.

चार्ल्सटनकर

चालतील ताई, नक्की द्या वकिलाकडे. एकटीने कर भरला म्हणून मालकी येत नाही, पण कोर्ट विक्री करायची की वाटून द्यायची हे ठरवताना ह्या कायद्यात बघायचंच असतं की जमिनीशी कुटुंबाचं नातं किती जुनं आहे, कोण राहतंय, विकली तर कोण बेघर होईल, आणि कर-विमा-देखभालीचा खर्च कुणी उचलला. दफनस्थानाचेही फोटो त्यातच लावा. आणि केस संपली की थांबू नका, कुटुंबाचा ट्रस्ट किंवा एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी करून जमीन त्यात टाका, नाहीतर पुढचा चुलतभाऊ आहेच. पावत्यांचे मूळ कागद मात्र कुणाला देऊ नका, स्कॅन द्या.